दिवाळसणाची सुरी

"चाचा, सामान देख लो. सब बराबर है ना? यहाँ दस्तखत करो."

कॉन्स्टेबलने प्लास्टिकची पिशवी दवाखान्याच्या बाकावर ठेवली आणि कागद पुढे केला. हिम्मतरावांनी पिशवीत डोकावून पाहिलं. काच तडकलेला मोबाइल, रिकामी बाटली, चिखलाने आणि रक्ताने कडक झालेला रुमाल. तळाशी त्यांनी स्वतः बनवलेली सुरी होती, दोन तुकड्यांत. शिसवी मूठ वेगळी, पातं वेगळं.

त्यांनी सही केली. कॉन्स्टेबल गेल्यावर पातं बाहेर काढलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं. मुठीला लागूनच ते तुटलं होतं. तुटलेल्या जागेचा मोठा भाग करडा, बारीक दाण्यांचा होता. त्यावर जंगलातल्या दवाने गंजाचे तांबूस ठिपके आले होते. पण एका कडेला नखाएवढी जागा काळी होती. हिम्मतरावांनी ती अंगठ्याने पुसली. मग थुंकी लावून धोतराच्या सोग्याने घासली. काळं गेलं नाही.

पोलाद आज तुटलं तर आतून करडं दिसतं. काळं दिसलं तर समजायचं की भेग आधीचीच आहे, पातं भट्टीवर शेकताना ती तिथे होती आणि त्या धगीत काळी पडली. सिकंदराबादच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लोहारखात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. शिवाय ही भेग कोणत्या दिवशी पडली, तेही त्यांना माहीत होतं.

"अण्णा."

त्रिवेणी मागे येऊन उभी होती. त्यांची एकुलती एक लेक, नारायणगुड्याच्या शाळेत शिकवणारी. तीन दिवस तिने अंगावरचे कपडे बदलले नव्हते. "डॉक्टर म्हणतात, पाय ठेवता येणार नाही. गुडघ्याखालून काढावा लागंल. आत्ताच." तिच्या हातात संमतीचा कागद होता. तिने तो भिंतीला टेकवला, पण पेन नीट चालेना. "जरा धरता का?"

हिम्मतरावांनी पातं खिशात टाकलं आणि दोन्ही हातांनी कागद भिंतीशी दाबून धरला. त्रिवेणीने नवऱ्याच्या पायासाठी सही केली.

प्रथमेश, त्यांचा जावई, मूळचा पुण्याचा. हैदराबादेत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होता आणि सुट्टी मिळाली की डोंगरात जायचा. शनिवारी सहा मित्रांबरोबर तो नल्लमलाच्या जंगलात गेला होता. फोटो काढायला मागे राहिला आणि पाय घसरून एका कोरड्या नाल्यात पडला. मित्रांना वाटलं, तो पुढच्या तुकडीबरोबर गेला असेल. तो नाही हे कळलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. पुढचे दोन दिवस हिम्मतराव वनखात्याच्या माणसांबरोबर दऱ्याखोऱ्यांतून त्याच्या नावाने ओरडत फिरले. आवाज बसला, चपलेचा अंगठा तुटला, शेवटी एका वनरक्षकाने त्यांना बळेबळे जीपमध्ये बसवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मध काढायला निघालेल्या चेंचू आदिवासींना खालून दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज ऐकू आला. त्या आवाजाच्या मागावर ते उतरले आणि प्रथमेश सापडला. त्याचा डावा पाय एक दगड आणि झाडाचं मूळ यांच्यात अडकून काळानिळा पडला होता.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आले. जीव वाचला म्हणाले. मग, कुणी विचारलं नसताना, एवढंही म्हणाले की पहिल्या दिवशी पाच-सहा तासांत सुटका झाली असती तर पायही वाचला असता.

ती सुरी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतली होती, तीन वर्षांपूर्वीची. दिवाळसणाला काय हवं, असं हिम्मतरावांच्या बायकोने, सुशीलाबाईंनी, जावयाला विचारलं होतं. अंगठी नको, कपडे नकोत, म्हणाला, अण्णांच्या हातची एक सुरी द्या.

हिम्मतरावांच्या सुऱ्या तोवर चार लोकांत नावाजल्या होत्या. त्यांचं घराणं देगलूरकडचं, शेती करणारं. लोहारकी घरात कुणाची नव्हती, ती त्यांनी वर्कशॉपमध्ये शिकून घेतली. निवृत्त झाल्यावर विद्यानगरच्या घरामागे पत्र्याची शेड घातली आणि ट्रकच्या कमानीचे जुने पाटे आणून सुऱ्या घडवायला लागले. मिटणाऱ्या नव्हेत, म्यानात राहणाऱ्या, आखूड पात्याच्या, जाड पाठीच्या. शिकार बंद होऊन जमाना झाला, तरी जुन्या शिकारी सुरीचाच घाट लोकांना आवडायचा. डोंगरात जाणारे, तंबू ठोकून राहणारे, पक्ष्यांचे फोटो काढणारे त्यांच्याकडे येत. महिन्याला दोन सुऱ्या होत, फार तर तीन. त्याहून जास्त त्यांनी कधी केल्या नाहीत.

जावयाने सुरी मागितली याचा त्यांना आनंद झाला होता. पण त्याच दुपारी जेवताना प्रथमेश हसत हसत म्हणाला की अण्णांचं मराठी भारी गोड आहे, निम्मं मराठी आणि निम्मं चारमिनार. सगळे हसले. हिम्मतरावही हसले. पोराच्या मनात काही नव्हतं हे त्यांना कळत होतं. तरी ते कुठेतरी लागून राहिलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ते शेडमध्ये होते. पातं लाल करून तेलात बुडवायचं, तर डब्यात तेल तळाशी राहिलेलं आणि दुकानं सणामुळे बंद. एक दिवस थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. पाण्यात पोलाद एकदम गार होऊन तडकू शकतं हे ठाऊक असूनही त्यांनी बादलीतल्या पाण्यात पातं बुडवलं. टिक् असा आवाज आला, हरभरा फुटावा एवढा. पातं शेकून झाल्यावर त्यांनी ते उजेडात धरलं. मूठ बसते तिथे केसासारखी रेघ होती.

वर्कशॉपमध्ये असा तुकडा हाती आला की ते त्यावर खडूने फुली मारून भंगारात टाकत. त्यावरून साहेबांशीही भांडले होते. त्या दिवशी ते पातं हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. घरातून सुशीलाबाई हाका मारत होत्या, पाहुणे आले होते. आणि मग त्यांच्या मनात आलं, हा काय करणार आहे या सुरीने? संत्रं सोलणार, झाडापाशी ठेवून फोटो काढणार. मुठीखाली रेघ झाकली जाईल. दिवाळी झाली की दुसरी करून बदलून देऊ.

पाडव्याला प्रथमेशने दोन्ही हातांनी सुरी घेतली आणि वाकून नमस्कार केला. पुढे हिम्मतरावांनी दोनदा त्याला म्हटलं, सुरी आणा, धार लावून देतो. तो म्हणायचा, धार अजून आहे अण्णा, मस्त आहे. तिसऱ्यांदा त्यांनी म्हटलं नाही.

प्रथमेश बोलायला लागला तेव्हा त्याने सगळं सांगितलं. खाटेभोवती त्रिवेणी होती, पुण्याहून आलेल्या त्याच्या आई सुजाताबाई होत्या, सुशीलाबाई होत्या. हिम्मतराव दाराशी उभे होते. मूळ मनगटाएवढं जाड होतं, तो म्हणाला. पडल्यावर थोड्या वेळाने त्याने ते कापायला घेतलं. सुरी छान चालत होती. दोन तासांत मूळ अर्ध्याहून जास्त कापलं गेलं आणि मग मूठ एकदम हातात आली. त्याने पात्याला रुमाल गुंडाळून पुढे कापायचा प्रयत्न केला. बोटं चिरली. दुसऱ्या दिवशी बोटांना पकडच राहिली नाही. मग तळहातांत धरून तो पातं दगडावर आपटत राहिला.

"दोन दिवस ठोकत होतो, अण्णा. दुसरा काहीच आवाज नव्हता तिथं."

सुजाताबाई उठल्या. शांत, शिकलेल्या बाई. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या हिम्मतरावांपुढे आल्या आणि त्यांनी हात जोडले. "तुमच्या सुरीमुळे माझा मुलगा परत मिळाला," त्या म्हणाल्या आणि वाकू लागल्या. हिम्मतराव इतक्या घाईने मागे सरकले की दाराची कडी त्यांच्या पाठीत बसली. सगळ्यांना वाटलं, माणूस संकोची आहे.

त्यानंतर त्यांना जेवण जाईना. ताटावर बसायचे आणि भाकरी कुस्करून उठायचे. चौथ्या दिवशी प्रथमेशचा मित्र अमेय घरी आला. ट्रेकला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर सुरीची गोष्ट सगळीकडे गेली होती, पंचवीस जणांना अगदी तशीच सुरी हवी होती. अमेयने शेडचे फोटो काढले, ऐरणीशेजारी हिम्मतरावांनाही उभं केलं. जरा हसा काका, म्हणाला. तो गेल्यावर हिम्मतरावांनी अंगणातल्या नळाखाली डोकं धरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जातो असं सांगून ते निघाले आणि टँकबंडवर, तलावाच्या बांधावर, उतरले. दोन्ही तुकडे खिशात होते. भर दुपारची वेळ होती, हुसेनसागराचं पाणी हिरवं आणि जड दिसत होतं. हे एकदा पाण्यात गेलं की संपलं, असं त्यांनी ठरवलं होतं. काळी जागा ओळखणारा दुसरा कुणी त्यांच्या आसपास नव्हता. ते कठड्याला धरून उभे राहिले. हात खिशात गेला, पण बाहेर येईना. किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही.

एक पोलीस जवळ आला. त्याने हिम्मतरावांचा दंड धरला आणि गोड बोलत त्यांना सावलीतल्या बाकावर नेलं. पाणी दिलं.

"चाचा, घर में कौन-कौन है?"

बायको आहे, मुलगी आहे, जावई आहे, त्यांनी सांगितलं. मुलीचा फोन नंबर काय, त्याने विचारलं. तेव्हा कुठे हिम्मतरावांच्या लक्षात आलं की तो आपल्याला काय समजतो आहे. आपण तसले नाही, असं ते म्हणणार होते. पण कठड्याशी उभं असताना शेवटी शेवटी आपण फक्त सुरीचाच विचार करत होतो, असं त्यांना छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. पोलिसाने त्यांना रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला घराच्या दारापर्यंत सोडायला बजावलं.

घरी येऊन त्यांनी सुशीलाबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"अजून कुणाला सांगितलंव?"

"नाही."

"मग नका सांगू. सांगून पाय परत यायलाय का? लेकीचं घर तेवढं मोडंल. सासू काय म्हणंल तिला? जन्मभर टोचून खातील."

हिम्मतरावांना हे सगळं पटत होतं. पोरगी आता कुठे झोपायला लागली होती. सुजाताबाई तिला जवळ घेऊन बसत होत्या. सांगण्याने कुणाचंही भलं होणार नव्हतं.

"ती बाई माझ्यापुढं वाकायली, सुशीला," ते म्हणाले. "अजून पंचवीस जण सुरी मागायलेत. मला श्वास घेता येईना."

सुशीलाबाई पुन्हा भाजी निवडायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी ते दवाखान्यात गेले. सुजाताबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या, खोलीत त्रिवेणी आणि प्रथमेश दोघंच होते. प्रथमेश उशीला टेकून बसला होता. पांघरूण डाव्या बाजूला गुडघ्याच्या पुढे सपाट होतं. हिम्मतरावांनी पातं त्याच्यापुढे ठेवलं.

"प्रथमेशराव, ही काळी जागा बघा."

त्याने पाहिलं. "काय आहे हे?"

"भेग. पाणी देताना पडली. मी सुरी तुमच्या हातात दिली त्याच्या आधी."

त्रिवेणी पुढे आली. "अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"हौ."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला तिचा आवाज आला होता."

तिने तोंडावर हात ठेवला. प्रथमेश पात्याकडेच बघत होता. त्याच्या बोटांवरच्या पट्ट्या अजून निघाल्या नव्हत्या. "नसती तुटली तर?" त्याने विचारलं.

"अजून तासभर लागला असता. अंधार पडायच्या आत तुम्ही वर आला असता."

प्रथमेशने पातं बोटाच्या टोकाने दूर सारलं.

"मग का दिलीत?"

घाई होती, तेल संपलं होतं, पाहुणे आले होते, बदलून देणार होतो, हे सगळं हिम्मतरावांनी वाटेत मनाशी जुळवलं होतं. ते सगळं खरंही होतं.

"वाटलं, तुम्हाला कुठं लागणार आहे ती," ते म्हणाले.

प्रथमेशने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तो रागावेल, ओरडेल, याची त्यांनी तयारी ठेवली होती. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण या माणसाला कधी ओळखतच नव्हतो, असं काहीतरी तिथे होतं.

"तुम्ही आता जा, अण्णा," तो म्हणाला.

त्रिवेणी त्यांना दारापर्यंत पोचवायला आली नाही.

सुजाताबाईंचा एकदाच फोन आला, सुशीलाबाईंना. हे खरं का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि सुशीलाबाई हो म्हणाल्यावर फोन ठेवला. त्रिवेणी माहेरी येईनाशी झाली. सुशीलाबाई दर रविवारी डबा घेऊन लेकीकडे जात. ती आईच्या तब्येतीचं विचारी, शेजाऱ्यांचं विचारी, वडलांचं विचारत नसे.

त्या पंचवीस सुऱ्या करणार नाही, असं हिम्मतरावांनी अमेयला स्वतः फोन करून सांगितलं आणि कारणही सांगितलं. दोन दिवसांत ग्रुपवर निराळी गोष्ट फिरू लागली. म्हाताऱ्याने जाणूनबुजून मोडकी सुरी दिली, असं कुणी लिहिलं. त्याहून वाईटही लिहिलं. शेजारच्या मुलीने ते वाचून दाखवायचं टाळलं, तेव्हा त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर स्वतः वाचलं.

मग त्यांनी आजवर ज्यांना सुऱ्या दिल्या त्यांची नावं शोधून काढली आणि एकेकाला फोन केले. सुरी परत पाठवा, तपासून देतो. काहींनी पाठवल्या, काहींनी शिव्या दिल्या. त्रेचाळीस सुऱ्या परत आल्या. रोज सकाळी ते शेडमध्ये बसत, एकेक मूठ उकलून पातं उन्हात धरत, भेग असली तर उमटावी म्हणून रॉकेल लावून पुसत, भिंगाखाली बघत. महिनाभर हे चाललं. हे करताना त्यांना आतून काय वाटत होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एखाद्या सुरीत तरी भेग निघावी, अशी त्यांची इच्छा होती. एक जरी निघाली असती तरी म्हणता आलं असतं की माणसाचा हात चुकतो, नजर चुकते.

त्रेचाळिसांपैकी एकातही भेग नव्हती. परक्या माणसांना दिलेली प्रत्येक सुरी निर्दोष होती.

त्यांनी मुठी पुन्हा बसवल्या, सुऱ्या ज्याच्या त्याला पाठवल्या आणि शेडला कुलूप लावलं.

चार महिन्यांनी त्रिवेणीचा फोन आला. सुशीलाबाईंनी उचलला आणि हिम्मतरावांकडे दिला.

"उद्या प्रथमेशला पाय बसवायला न्यायचंय," ती म्हणाली. तिचा आवाज कामापुरता होता. "माझ्या शाळेत परीक्षा आहे, रजा मिळायली नाही. सासूबाई पुण्याला गेल्यात. रिक्षातून उतरताना धरायला कुणीतरी पाहिजे."

"येतो," हिम्मतराव म्हणाले.

"त्याला विचारलंय मी," ती म्हणाली. "चालंल म्हणाला."

रिक्षात दोघं शेजारी बसले होते. मध्ये कुबड्या होत्या. सिकंदराबादला उतरताना हिम्मतरावांनी हात पुढे केला, पण प्रथमेशने रिक्षाची दांडी धरली आणि स्वतःच उतरला.

आत एक लांबट खोली होती, भिंतीशी आरसा आणि मधोमध आधाराच्या दोन आडव्या दांड्या. तिथला माणूस तेलुगूत भराभर बोलत होता. त्याने गुडघ्याखाली मऊ मोजा चढवला, त्यावर नवा पाय बसवला, दोन-तीनदा काढून घालून पाहिला. मग बूट घाला, म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून पलीकडच्या खोलीत गेला.

त्रिवेणीने दोन्ही बूट पिशवीत घालून दिले होते. प्रथमेशने उजवा बूट घातला. डावा घालायला वाकला, तसा नवा पाय पुढे घसरला आणि त्याचा तोल गेला. त्याने खुर्चीचा हात घट्ट पकडला. पुन्हा वाकला. पुन्हा तेच झालं. कपाळावर घाम आला होता. तिसऱ्यांदा तो वाकला नाही, बूट मांडीवर घेऊन बसून राहिला.

हिम्मतराव खाली बसले. गुडघे टेकताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्यांनी त्याच्या मांडीवरचा बूट घेतला. नाडी पूर्ण सैल केली, जीभ वर ओढली आणि रबराचं पाऊल हळूहळू आत सरकवलं. टाच बसेना, तेव्हा त्यांनी आपली दोन बोटं मागे घालून ती बसवली. मग नाडी एकेका भोकातून ओढून घेतली. गाठ मारल्यावर, आत पाय नाही हे माहीत असूनही, फार घट्ट झाली का हे त्यांनी बोट घालून पाहिलं आणि थोडी सैल केली.

"उजव्याचीही सुटलीय," प्रथमेश म्हणाला.

त्यांनी ती बांधली.

तेलुगू बोलणारा माणूस परत आला आणि उभे राहा म्हणाला. आडव्या दांड्या दोन पावलं पुढे होत्या. प्रथमेशने आजूबाजूला पाहिलं. मग त्याने हात खाली आणला, हिम्मतरावांच्या खांद्यावर ठेवला आणि उठायला सुरुवात केली. बोटं खांद्यात रुतली. त्याने सगळा भार टाकला.

हिम्मतरावांनी एक तळवा फरशीवर टेकला आणि मान खाली घातली. प्रथमेश पहिलं पाऊल उचलून पुढे टाकेपर्यंत ते तसेच राहिले.